मुठीचा हिशेब

श्रावणात नागपंचमी झाली, की पुढच्या रविवारी खानदेशातल्या भडगावात कानबाई देवी बसते. सुरतेला गेलेला, पुण्यात कंपनीत लागलेला, नाशकात भाड्याच्या खोलीत राहणारा, असे सगळे भाऊबंद त्या दिवशी मूळ घरी परततात. घरातली जाणती बाई सूप पुढ्यात घेऊन बसते आणि रोटाचा गहू मोजू लागते. पुरुषमाणसागणिक सव्वा मूठ. आजोबांची सव्वा, थोरल्या काकांची सव्वा, सुरतवाल्याची सव्वा. पाळण्यातल्या बाळाचीही सव्वा, मात्र ते बाळ मुलगा असेल तर. त्या पिठाचा रोट होतो, देवीपुढे ठेवला जातो. सोमवारी वाजतगाजत कानबाई गिरणेवर जाते आणि रोट घरातल्यांनीच संपवायचा असतो. घराघरांतली रीत थोडी इकडेतिकडे असते, पण एक नियम सहसा कुणी मोडत नाही : रोट परक्याला द्यायचा नाही.

मुलांच्या आणि कुटुंबांच्या वाढीला लोकांच्या संस्था कसा हातभार लावतात, हा या प्रस्तावनेचा विषय आहे. त्याची सुरुवात कानबाईपासून करायला कारण आहे. संस्था हा शब्द आपण ऐकला, की धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, लेटरहेड, कार्यकारिणी आणि वार्षिक अहवाल डोळ्यांपुढे येतो. पण खानदेशातली सगळ्यात जुनी कुटुंबसंस्था रोटाचीच. वर्षातून एकदा सगळे एका ओसरीवर आले, की कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाच्या पोराची फी भरायची राहिली, कोणाची मुलगी उजवायची आहे, हे न विचारता कळतं. अबोला धरलेले दोन भाऊ रोटासाठी का होईना, एका पंगतीला बसतात. अडीनडीला उसनवारी होते, एखादं पोर काकाकडे शिकायला जातं. कोणत्याही सरकारी योजनेच्या शेकडो वर्षं आधी खानदेशातल्या पोरांना या भाऊबंदकीनंच सांभाळलं.

पण या भाऊबंदकीच्या हिशेबात दोन उणिवा आहेत. रोट आपल्या रक्ताबाहेर जात नाही. आणि आपल्या रक्तातल्याही निम्म्या माणसांची मूठ त्यात पडत नाही. रिवाज म्हणून दुसरी गोष्ट आपण हसून सोडून देऊ, पण जनगणनेचा आकडा हसण्यावारी नेता येत नाही. २००१ साली जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे ८८० मुली होत्या. २०११ साली त्या ८४२ राहिल्या. कानबाईमुळे मुली कमी झाल्या असं कुणी म्हणणार नाही. सोनोग्राफीची यंत्रं, हुंडा आणि शेतीची वाटणी यांचा तो परिणाम आहे. पण कोणाची मूठ मोजायची आणि कोणाची नाही, ही सवय समाजाच्या हाताला लागलेली असली, की यंत्र आलं तरी तो त्याच सवयीनं वापरतो.

महाराष्ट्रात आणखी एक मूठ होऊन गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ पासून साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह चालवलं. तिथल्या पोरांना जेवू घालायचं कशानं, या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांपैकी एक होतं मुष्टिफंड. बाईनं रोजच्या स्वयंपाकातलं मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते गोळा करून वसतिगृहाला जायचं. ते धान्य खाणारं पोर कोणाचं, कोणत्या जातीचं, हे मूठ टाकणारीला ठाऊक नसे. लक्ष्मीबाई पाटलांनी तर या पोरांसाठी अंगावरचे दागिने मोडले. रोटाची मूठ आणि मुष्टिफंडाची मूठ यांत धान्य तेवढंच. फरक ती कोणाच्या ताटात पडते एवढाच, आणि लोकांच्या संस्थेचा सगळा अर्थ या फरकात आहे. जे आपलं नाही त्या लेकराला आपल्या हिशेबात धरायची गाव जेव्हा पक्की, दरवर्षी चालणारी सोय करतं, तेव्हा संस्था जन्माला येते. नोंदणी त्यानंतरची गोष्ट.

अशा सोयीची गरज आज जास्त का आहे, हे भडगावच्या आसपास हिंडणाऱ्याला सांगावं लागणार नाही. गिरणेच्या दोन्ही काठांना कापूस आणि केळी. दिवाळीच्या मागेपुढे कापूस फुटला, की मजुरी वेचणीच्या किलोवर मिळते, म्हणून बाया उजाडताच वावरात जातात. सासू जोडीला असली, तर तीही वेचायला येते, कारण तिच्या हाताचेही पैसे होतात. अशा दिवसांत अकराच्या सुमाराला कुठल्याही गावाच्या मागच्या गल्लीत जा. सात-आठ वर्षांची पोरगी कडेवर वर्षाचं भावंड घेऊन ओट्यावर उभी असते. बाळाच्या हातात बिस्किटाचा पुडा असतो. तुनी माय कोठे गयी, म्हणून विचारलं, तर उत्तर येतं, वावरमा. शाळेच्या हजेरीपटावर या पोरीचं नाव असतं. तिची शाळा बुडते ती भावंडापायी, आणि भावंडाचं वजन घटतं ते बिस्किटापायी. आई निष्काळजी नाही, शाळा बंद नाही, गावात धान्यही आहे. तरी दोन लेकरं एकदम मागं पडतात, कारण सकाळी सात ते संध्याकाळी सहा हा वेळ कोणाच्याच नावावर नाही. पूर्वी तो एकत्र घराच्या नावावर होता. आता घर चार माणसांचं झालं आणि चारातली दोन कामावर गेली.

मुलांच्या वाढीबद्दल आपण घर आणि शाळा या दोन टोकांबद्दलच बोलतो. मधला हा बेवारस वेळ संस्थांनी वारशानं घ्यावा, हे महाराष्ट्रात पहिल्यांदा नेमकेपणानं ओळखलं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं होतं आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला होता. ते काम शहरातल्या पांढरपेशा घरांत मान्यताही पावलं होतं. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू झालं. अनुताई तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी विधवा झालेली ही बाई पुढे हजारो लेकरांची ताई झाली. मग काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथे पहिलीच अडचण आली. बालवाडी उघडली, पण वारल्यांची पोरं येईनात. मोठी पोरं गुरांमागे, धाकटी मोठ्यांच्या कडेवर, आईबाप मजुरीला.

त्यावर पालकांना दोष देणं सोपं होतं. या दोघींनी बालवाडीच उचलून पाड्यावर नेली आणि एखाद्या घराच्या अंगणात मांडली. अंगणवाडी हा शब्द आज आपण सरकारी खात्याचा म्हणून वापरतो, त्याचं मूळ या अंगणात आहे. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणून विकासवाडी केली. बहिणीनं कडेवर आणलेलं भावंड पाळण्यात, बहीण वर्गात. भडगावच्या त्या ओट्यावरच्या पोरीचा प्रश्न कोसबाडला पन्नासच्या दशकातच सुटला होता. उत्तर माहीत असूनही तो प्रश्न आपल्या गल्लीत अजून उभा आहे, ही गोष्ट या विषयाकडे पाहताना सतत ध्यानात ठेवावी.

योगायोग असा, की बोर्डीत हे चाललं होतं त्याच १९४५ साली इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहराजवळच्या एका खेड्यात युद्ध संपताच लोकांनी बालवाडी बांधायला घेतली. पैसा कुठला, तर पळून गेलेल्या जर्मन सैन्यानं मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे त्यांनी विकून टाकले. भिंतींच्या विटा पडक्या घरांच्या. लोरिस मालागुत्सी नावाचा तरुण शिक्षक ही बातमी ऐकून सायकलनं तिथे गेला आणि त्या कामाचाच होऊन गेला. आज जगभरचे बालशिक्षक रेज्जोला जातात. वारल्यांचं अंगण आणि रणगाड्याची बालवाडी यांची एकमेकांना खबरही नव्हती. दोन्हीकडे एकच घडलं. गावानं लेकरांचा प्रश्न आधी आपला मानला आणि मग हाताशी असेल त्यातून त्याचं साधन केलं.

खानदेशाला असा वारसा नाही असं नव्हे. भडगावहून पारोळ्यावरून अंमळनेर फार लांब नाही. तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आलेले साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयाचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांची गोष्ट आपण गोड संस्कारांची म्हणून सांगतो, पण जरा व्यवहारानं पाहावी. खेड्यातलं पोर तालुक्याला शिकायला आलं, तर ते हुशार आहे की नाही हा प्रश्न नंतरचा. ते झोपेल कुठे, त्याचे कपडे कोण धुईल, ताप आला तर उशाशी कोण बसेल, हे आधी. छात्रालयात गुरुजी पोरांच्या खोल्या झाडत, त्यांची आजारपणं काढत. आईची जागा संस्था घेऊ शकत नाही, हे खरं. पण आई जिथे पोचू शकत नाही तिथे आईची कामं कोणीतरी करावी लागतात. ती कामं केवळ गुरुजींच्या स्वभावावर सोडून भागत नाही, म्हणून छात्रालय लागतं. गुरुजी १९३० साली सत्याग्रहात गेले, छात्रालय राहिलं. माणूस गेल्यावर मागे काय उरतं, यावरून त्यानं संस्था केली की नुसता जीव लावला, हे कळतं.

पुढची दोन उदाहरणं वैद्यकातली आहेत, तरी विषय तोच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला गेले. दुष्काळी मुलूख, रस्ते नाहीत. शिकलेल्या नर्सेस खेड्यात ठेवून पाहिल्या, पण त्या टिकेनात आणि गावाशी जुळेनात. तेव्हा गावातलीच बाई निवडायचं ठरलं. तिला अक्षरओळख नसली तरी चालेल. यांतल्या अनेकजणी दलित होत्या. शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं त्यांच्या पाठीशी उभी केली. ज्या बाईला गावानं पाणवठ्याला शिवू दिलं नव्हतं, तिच्या हातून गाव बाळंतपण करून घेऊ लागलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण त्या कामाचं खरं प्रमाणपत्र हेच होतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बाळं पहिल्या महिन्यातच जातात आणि दवाखाना दूर आहे, मग उपचारच घरी का नेऊ नये, असा त्यांचा साधा सवाल होता. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे श्वास मोजून कळतं. मोजायचं तर घड्याळ आणि आकडे यावे लागतात, आणि सुईणींना ते येत नव्हते. म्हणून मण्यांची एक पाटी केली, जोडीला एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. वाळू संपेपर्यंत श्वासांगणिक मणी सरकवत जायचं, की पाटीच सांगते श्वास जास्त आहेत का. गावातल्याच बाया आरोग्यदूत झाल्या. ३९ गावांतल्या या प्रयोगाचा निष्कर्ष १९९९ साली लॅन्सेट या नियतकालिकात छापून आला : तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून ही घरपोच नवजात सेवा देशभरच्या आशाताईंच्या कामात आली. आज भडगाव तालुक्यात दवाखान्यातून घरी आलेल्या बाळंतिणीच्या दारात आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येऊन बाळाचं वजन करते, अंगाचा ताप पाहते, ते गडचिरोलीच्या त्या मण्यांच्या पाटीचं देणं आहे.

या सगळ्यांत एक क्रम दिसतो. आधी लोकांमधून एखादी सोय उभी राहते, ती चालते हे दिसतं, मग सरकार ती उचलतं आणि देशभर नेतं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातल्या ३३ गटांत सुरू झाली आणि महाराष्ट्रात तिची सुरुवात मेळघाटातल्या धारणीला झाली. आज राज्यात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. हे फार मोठं यश आहे. पण उचलताना एक गोष्ट मागे राहते. कोसबाडची अंगणवाडी पाड्याच्या मालकीची होती. आपल्या गावातली अंगणवाडी कोणाची, म्हणून विचारा. लोक सांगतील, सरकारची.

ती जवळून पाहायची असेल, तर वजनाच्या दिवशी जावं. खोलीच्या आढ्याला काटा टांगलेला, त्याला चड्डीच्या आकाराची झोळी. बाळ झोळीत पाय घालताच भोकाड पसरतं, काट्याचा हात थरथरतो, आणि सेविका तो थांबायची वाट बघत बाळाशी बोलत राहते. मग दंडाला पट्टी. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या लेकराचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला, तर पट्टी लाल रंग दाखवते, साडेबारापर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. सेविकांच्या बोलण्यात लाल म्हणजे सॅम (तीव्र कुपोषण), पिवळा म्हणजे मॅम (मध्यम कुपोषण). मदतनीस तोवर खिचडीकडे बघते. हे झालं, की उंची मोजायची, मग सगळं मोबाईलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरायचं. २०२१ साली राज्यभरच्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत करायचं आंदोलन केलं. ॲप इंग्रजीत आणि फोन जुनाट, मग काम करायचं कसं, अशी त्यांची तक्रार होती. डिसेंबर २०२३ मध्ये त्या संपावर गेल्या तेव्हा मागणी मानधनाची होती. मानधन हा शब्दच पाहा. गावातल्या सगळ्या लेकरांची वाढ जिच्या वहीत आहे तिला पगार मिळत नाही, मान आणि धन यांची बेरीज मिळते आणि दोन्ही अपुरं. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे मान्य व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल यावा लागला.

पट्टीचा लाल रंग पाहून पुढे काय होतं, यावर सगळं अवलंबून आहे. सेविका आईला सांगते. आई म्हणते, घरी विचारते. घरी सासरे म्हणतात, आमची सगळीच पोरं बारीक होती. किंवा आई कापूस सोडून दिवसभर बाळाला घेऊन बसायला तयार होत नाही, कारण तीनशे-चारशे रुपये रोज कोण भरून देणार? इथे सरकारचा हात संपतो. इथून पुढे शेजारीण लागते, बचत गट लागतो, सासऱ्यांच्या वयाचा एखादा माणूस लागतो, जो पारावर बसून म्हणेल, घेऊन जा पोराला, दोन दिवस मी बघतो गुरांकडे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी निघाली. म्हणजे तिनात एक. एवढ्या अंगणवाड्या असताना हा आकडा हलत नाही, कारण आहार अंगणवाडीत मिळतो, पण बाळ चोवीस तासांतले वीस तास घरात असतं.

कुटुंबाच्या आत शिरायला आजवर सगळ्यात चांगली वाट सापडली ती बचत गटाची. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे. गावोगावचे गट त्यातून आणि पुढे राज्याच्या ‘उमेद’ अभियानातून उभे राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला गट म्हणजे पापड, लोणची आणि प्रदर्शन. गटाचं खरं काम महिन्याच्या बैठकीत, वहीवर चालतं. कर्ज कशाला हवं, हे बाईला दहाजणींसमोर सांगावं लागतं. पोराच्या दवाखान्याला, असं ती सांगते आणि आजार काय, केव्हापासून, कोणाला दाखवलं, हे ओघानं निघतंच. सावकाराकडून पैसे घेतले, तर आजारपण घरातच राहतं. गटाकडून घेतले, की ते दहा घरांना माहीत होतं, आणि माहीत झालेल्या आजारपणाला चार हात लागतात. कर्जापेक्षा ही माहिती मोलाची.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची गोष्ट मात्र बचत गटाच्या वहीतही मावत नाही. चाळीसगाव, पारोळा, भडगाव या पट्ट्यातून दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि गुजरातेकडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. माणसांची गणती हत्यारात करणाऱ्या त्या हिशेबात पोरांना जागाच नाही. ती कोपीवर भावंडं सांभाळतात, आणि वाढत्या अंगाची पोरगी असली, तर तिला एकटी मागे ठेवायची भीती म्हणून पुढच्या हंगामाआधी तिचं लग्न लावून देतात. बालविवाह थांबवा म्हणून भिंतीवर लिहिण्यानं हे थांबत नाही. त्या पोरीला सहा महिने निर्धास्त ठेवता येईल अशी जागा दाखवावी लागते. हंगामी वसतिगृहाची योजना त्यासाठीच आहे. शाळेत जेवण, रात्री आजी किंवा नातलगांकडे मुक्काम. ती चालते तिथे एकच कारण असतं : शाळा व्यवस्थापन समिती जागी असते. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत पाऊण सभासद पालक आणि निम्म्या बाया ठेवल्या आहेत. दसऱ्याआधी याद्या करून कोणतं पोर कोणाकडे राहणार, हे घरोघर जाऊन पक्कं करणारी समिती असेल, तर ट्रॅक्टरमध्ये चढणारी पोरं कमी होतात.

संस्थांचं कौतुक इथवर पुरे. समाज एकत्र आला म्हणजे लेकरांचं भलंच होतं असं समजणं भाबडेपणा आहे. जातपंचायतही लोकांचीच संस्था. तिनं वाळीत टाकलेल्या घरातल्या पोरांशी गल्लीतली पोरं खेळत नाहीत. त्याविरुद्ध २०१६ साली महाराष्ट्राला वेगळा कायदा करावा लागला. दुसरा दोष नव्या संस्थांचा. प्रकल्प तीन वर्षांचा असतो. पहिल्या वर्षी पाहणी, दुसऱ्या वर्षी शिबिरं, तिसऱ्या वर्षी छायाचित्रांचा अहवाल. गाडी येणं बंद होतं आणि मण्यांची पाटी कोणाच्या तरी माळ्यावर पडते. तिसरा दोष लोकसहभाग या शब्दाचा. शासन निर्णयात तो असतो म्हणून गावानं वर्गणी काढून अंगणवाडीची भिंत रंगवायची, त्यावर हत्ती आणि फुलपाखरू काढायचं, खाली देणगीदारांची नावं. हत्ती छान असतो. त्याच भिंतीमागे शौचालयाला पाणी नसतं.

सगळ्यात मोठा दोष मोजणीचा, आणि तो रोटाचाच आहे. गावाच्या कडेला भिलाटी असते. वीटभट्टीवर बाहेरगावची कुटुंबं उतरलेली असतात. मेंढरं घेऊन हिंडणारे ठेलारी दोन महिने शिवारात असतात. त्यांची लेकरं गावच्या यादीत आहेत का, हे विचारल्यावर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, ते इथले नाहीत. संस्थेची पारख मी या एका उत्तरावर करतो. जिच्या वहीत आपल्याच गल्लीतली सगळी नावं आहेत ती भाऊबंदकीच, फक्त नोंदणी केलेली. जिच्या वहीत शेवटच्या पानावर का होईना, वीटभट्टीवरच्या पोराचं नाव, वय आणि वजन आहे, तिला मुष्टिफंडाचा अर्थ समजला.

भडगावसारख्या गावात माणसं आणि पैसा यांची टंचाई नाही. गणपतीत चौकाचौकांत मंडळं उभी राहतात, आठ दिवसांत पावतीपुस्तकं संपतात, रात्रभर मांडव उभारायला पन्नास पोरं असतात. सामुदायिक विवाह सोहळ्यांत शेकडो जोडपी मांडवाखाली येतात आणि कर्जात बुडणारी कितीतरी घरं वाचतात. त्याच सोहळ्याच्या नोंदणीला मुलीचा जन्मदाखला सक्तीनं मागितला, तर बालविवाह थांबवायला वेगळी मोहीम लागत नाही. वाचनालयं आहेत, तालमी आहेत, भजनी मंडळं आहेत. नवी संस्था काढायची गरज क्वचितच असते. असलेल्या संस्थेच्या हिशेबात एक रकाना वाढवायची गरज असते. वेचणीच्या तीन महिन्यांपुरतं समाजमंदिरात पाळणाघर चालवायला दोन आज्या, चार चटया, एक वेळचं जेवण आणि बायांच्या मजुरीतून ठरलेली थोडी वर्गणी एवढं पुरतं. ओट्यावरची पोरगी दुसऱ्या दिवशी शाळेत दिसेल.

पुढची पानं वाचताना वाचकांनी कोसबाड, जामखेड, गडचिरोली ही थोरांची गावं म्हणून बाजूला ठेवू नयेत. तिथे आधी पोचलेल्यांना काय दिसलं नव्हतं आणि मग काय दिसलं, एवढंच पाहावं. आणि वाचून झाल्यावर एक काम करावं. आपल्या भागातल्या अंगणवाडीत वजनाचा दिवस कोणता, हे सेविकाताईंना विचारून त्या दिवशी तासभर जाऊन बसावं. काही देऊ नये, भाषण करू नये, फोटो काढू नये. काटा स्थिर होईपर्यंत थांबावं, पट्टीचे रंग पाहावेत आणि निघताना ताईंना एकच विचारावं : आज कोणाची लेकरं आली नाहीत? त्या नावांपासून कामाला लागावं.